१४ वर्षांच्या मांजरीला हायपरथायरॉईड निघालाय, गोळ्या की ऑपरेशन की आणखी काही?

चिंगीची_माय, पुणे

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबलीये पण प्लीज पूर्ण वाचा, जीव टांगणीला लागलाय.

आमची चिंगी, १४ वर्षांची, साधी देशी, स्पे केलेली, गॅलरीच्या पलीकडचं जग तिला माहीत नाही. दिवाळीनंतर जाणवायला लागलं की ही वाळत चाललीये, पण खाणं कमी नाही, उलट खा-खा सुटलीये नुसती. आयुष्यभर बशीत दोन घास शिल्लक ठेवून जाणारी मांजर आता बशी चाटूनपुसून लगेच ओट्यावर चढते, आणि परवा तर पोळीच्या डब्याचं झाकण पंजाने सरकवत होती, जिने पोळीला कधी तोंड लावलं नाही. पाणी प्रचंड पिते, लिटरमध्ये (शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये) शूचे गोळे दुप्पट झालेत, अधूनमधून उलटी. रात्री अडीच-तीनला पॅसेजमध्ये उभी राहून घसा फोडून ओरडते, आपण उठून गेलो की गप्प, आडवं झालं की परत सुरू. पाठीवरून हात फिरवला तर कण्याचा एकेक मणका बोटाला लागतो आणि केस इतके राठ झालेत की कमरेपाशी जटा धरल्यात, कारण अंग चाटणंच सोडलंय तिने. परवा सोफ्यावर उडी मारताना अंदाज चुकून खाली आपटली, कालही दाराच्या चौकटीला धडकली, वयामुळे असेल.

आधी जिथे नेत होतो तिथे जंताचं औषध झालं, टॉनिक झालं, मग म्हातारपण आहे म्हणाले. शेवटी दुसरीकडे नेलं. या डॉक्टरांनी तिची हनुवटी वर करून गळ्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं हळूच खाली सरकवत नेली आणि माझं बोट धरून तिथे टेकवलं, मसुराएवढं काहीतरी बोटाखालून सटकलं. रक्तात टोटल टी४ (थायरॉईडचं हार्मोन) ९.६ आलंय, मांजरांची रेंज ०.८ ते ४.७ लिहिलीये. किडनीचं क्रिएटिनिन १.३, शुगर नॉर्मल, लिव्हरचं एसजीपीटी वाढलेलं. हार्टबीट २४०. वजन ३.१ किलो, दोन वर्षांपूर्वी लसीला नेलं तेव्हा ४.४ होतं.

डॉक्टर म्हणाले निओ-मर्कॅझोल सुरू करू, माणसांचीच गोळी, ५ एमजीची अर्धी सकाळी अर्धी रात्री, आणि बहुतेक आयुष्यभर. नेटवर बघितलं तर परदेशात एकच इंजेक्शन देऊन कायमचं बरं करतात म्हणे, कुणी म्हणतं ऑपरेशन करून गाठ काढून टाका, कुणी म्हणतं नुसतं खाणं बदललं तरी भागतं, वाचून वाचून डोकं चालेनासं झालंय. तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय का, आपल्याकडे नक्की काय काय शक्य आहे, गोळीने किडनी खराब होते हे खरं का, आणि चावऱ्या मांजरीला रोज दोनदा गोळी भरवायची कशी? सासूबाई मायेनेच म्हणतात की वय झालंय, आता सुया टोचत बसू नका, पण मला नाही पटत. त्यात पुढच्या आठवड्यात नणंद राहायला येतीये, तिला पाचवा लागलाय, म्हणजे घरात आधीच धावपळ, त्यामुळे जे काय ठरवायचं ते लवकर ठरवायचंय.

मिलिंद_ठाणे

ताई, घाबरून जाऊ नका. निदान झालंय हेच मोठं आहे, कारण म्हातारपणाच्या नावाखाली हा आजार महिनोनमहिने झाकून राहतो. आमचा राजा (बोका, १३ व्या वर्षी निघाला) ह्याच गोळीवर चांगली तीन वर्षं मजेत जगला आणि गेला तो दुसऱ्याच आजाराने. गोळी सुरू झाल्यावर पहिला फरक पडला तो रात्रीच्या ओरडण्यात, मग वजन हळूहळू चढलं, आणि मग एक दिवस खिडकीत बसून निवांत अंग चाटत बसलेला दिसला तेव्हा बायकोच्या डोळ्यात पाणी आलं.

एक गोष्ट आधी सांगतो, ती खूप महत्त्वाची. तुमच्या रिपोर्टवर मांजरांची रेंज छापलीये हे नशीब समजा. आमचं पहिलं रक्त नेहमीच्या माणसांच्या लॅबला गेलं होतं. टी४ ८.१ आणि समोर नॉर्मल! कारण माणसाची टोटल टी४ ची रेंज साधारण साडेचार ते बारापर्यंत जाते, आणि मांजराला ८ म्हणजे जवळजवळ दुप्पट. लॅबवाल्यांना विचारलं तर म्हणे मशीन बरोबर आहे, आणि मशीन बरोबरच होतं, फक्त रेंज माणसाची होती. त्यामुळे पुढची प्रत्येक तपासणी एकाच लॅबमधून, मांजराचं सॅम्पल म्हणून नोंद करूनच करा. आणि माणसांच्या लॅबमध्ये टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) करण्यात पैसे घालवू नका, त्या किटला मांजराचं टीएसएच ओळखताच येत नाही.

गोळी भरवण्याचं म्हणाल तर सगळी गंमत पहिल्या प्रयत्नात आहे, पहिल्यांदा झटापट झाली की मांजर लक्षात ठेवतं. गोळी नाश्त्याच्या आधी द्या, भूक असते तेव्हा, आणि ह्या आजारात भूक तर असतेच. आम्ही आधी उकडलेल्या चिकनचा एक नुसता तुकडा द्यायचो, मग गोळी दडवलेला, आणि तो गिळेपर्यंत तिसरा नाकासमोर धरलेला, तिसऱ्याच्या नादात दुसरा चावायला वेळच मिळायचा नाही त्याला. ते नाहीच जमलं तर टॉवेलात घट्ट गुंडाळायचं, फक्त डोकं बाहेर, मागून धरायचं, समोरून कधीच नाही. डाव्या हाताने गालाची हाडं धरून डोकं किंचित वर, उजव्या हाताच्या बोटाने खालचा जबडा उघडायचा आणि गोळी जिभेच्या अगदी मागच्या बाजूला टाकायची. नंतर सिरिंजने गालाच्या फटीतून थोडं पाणी हळूहळू, कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून बसते. कुस्करून दुधात वगैरे अजिबात घालू नका, कडू लागलं की दूधही सुटेल आणि किती डोस पोटात गेला ते कळणारही नाही.

सुरुवातीला थोडी मळमळ, एखादी उलटी झाली राजाला, अर्ध्या डोसवर आणून परत वाढवला तेव्हा थांबली. गोळी स्वस्त आहे, खर्च होतो तो रक्ताच्या तपासण्यांचा, त्याची तयारी ठेवा.

अनघा_लीड्स

चिंगीला खूप खूप प्रेम. ते एक इंजेक्शन म्हणजे रेडिओअॅक्टिव्ह आयोडीन, आयोडीन-१३१. इंग्लंडमध्ये आमच्या माऊला दिलंय म्हणून सविस्तर सांगते, म्हणजे तुम्हाला हुरहूर राहणार नाही की आपलं काहीतरी राहून गेलं.

थायरॉईडला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं, रक्तातलं आयोडीन ती ओढून घेते. जी गाठ बेफाम काम करतीये ती जास्त ओढते, आणि जो भाग नॉर्मल आहे तो ह्या सगळ्यात झोपलेला असतो कारण मेंदूकडून येणारा टीएसएचचा हुकूमच बंद झालेला असतो. म्हणजे किरणोत्सर्ग नेमका गाठीतच जाऊन बसतो आणि तिथल्या पेशी मारतो. भूल नाही, कापाकापी नाही, कातडीखाली एक इंजेक्शन. साधारण ९५ टक्के मांजरं एकाच डोसमध्ये बरी होतात. ऐकायला फार छान वाटतं ना, पण मग मांजर स्वतःच रेडिओअॅक्टिव्ह होतं, शी-शूमधून ते बाहेर पडत राहतं, म्हणून तिला परवाना असलेल्या सेंटरमध्ये वेगळ्या खोलीत ठेवतात. अमेरिकेत काही दिवसांत सोडतात, इथे नियम कडक आहेत, आमची बरेच दिवस आत होती आणि आम्हाला भेटायला परवानगी नव्हती, रोज एक फोटो यायचा. घरी आल्यावरही काही काळ मांडीवर घेऊन बसायचं नाही, लिटर वेगळं साठवायचं. खर्च काही हजार पौंड, विमा होता म्हणून झालं.

आणि हो, ते द्यायच्या आधी तिलाही काही महिने गोळ्यांवरच ठेवलं होतं, थायरॉईड ताळ्यावर आल्यावर किडनी कशी वागते ते बघायला. म्हणजे तुम्ही गोळ्या सुरू करताय ते काही दुय्यम उपचार म्हणून नाही, इथेही सुरुवात तिथूनच होते.

आता एक धोक्याची सूचना, प्लीज सगळ्यांनी वाचा. इथे मांजरांच्या ह्याच आजारासाठी एक पातळ औषध मिळतं, त्याचं नाव थायरोनॉर्म. त्यात थायमाझोल असतं, थायरॉईड कमी करणारं. भारतात थायरोनॉर्म नावाची गोळी माणसांसाठी मिळते आणि ती थायरॉक्सिन आहे, म्हणजे थायरॉईड वाढवणारी, बरोब्बर उलटी! माझ्या आईच्या औषधाच्या डब्यात आहे ती. इंग्लंडच्या एखाद्या साइटवर नाव वाचून कुणी मेडिकलमधून आणली तर आधीच २४० ने धडधडणाऱ्या हृदयाचं काय होईल विचार करा. नाव बघून औषध आणू नका, आतला घटक बघा.

इथले आकडे वाचून गोंधळू नका हेही सांगते, इथे टी४ नॅनोमोलमध्ये देतात, तुमच्या आकड्याला साधारण १३ ने गुणायचं. चिंगीचं ९.६ म्हणजे इथलं १२४ च्या आसपास.

दामलेकाका

मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूचा. आमच्या मनीला शेवटच्या वर्षात दवाखान्याच्या इतक्या फेऱ्या घडवल्या की पिंजरा काढला की ती कपाटाखाली जाऊन थरथरायची. १४ वर्षं म्हणजे मांजराचं भरपूर आयुष्य झालं. जे आवडतं ते खाऊ घाला, कुशीत घ्या. हे मी मनापासून लिहितोय, राग मानू नये.

प्राण्यांचा_डॉक्टर, नागपूर

चिंगीच्या आई, बाकी सगळं नंतर वाचा, आधी हे. तुम्ही लिहिलंय की उडीचा अंदाज चुकला आणि दाराच्या चौकटीला धडकली. ते वयामुळे म्हणून सोडू नका. ह्या आजारात बीपी वाढतं आणि वाढलेल्या बीपीने डोळ्याच्या मागच्या पडद्यात रक्तस्राव होतो, पडदा सुटतो, मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं. अंधाऱ्या खोलीतून उजेडात आणून तिच्या बाहुल्या बघा, मोठ्याच राहत असतील तर आजच, उद्या नाही, बीपी मोजून घ्या आणि पडदा तपासून घ्या. सगळ्या क्लिनिकमध्ये मांजराचं बीपी मोजायचं मशीन नसतं, फोन करून विचारून जा. पोचल्यावर थोडा वेळ शांत खोलीत बसू द्या, घाबरलेल्या मांजराचं बीपी तसंही जास्त येतं. वरचं बीपी १६० च्या पुढे वारंवार येत असेल तर औषध लागतं, बहुतेक वेळा अॅम्लोडिपिन, तेही माणसांचंच पण अगदी छोटा डोस, डॉक्टर सांगतील तेवढाच. घरातल्या कुणाची गोळी मोडून देऊ नका.

आता तुमच्या प्रश्नांकडे. मी तिला तपासलेलं नाही, त्यामुळे डोस तुमच्या डॉक्टरांचाच, पण त्यांनी सांगितलेली सुरुवात योग्य आहे, कमीतून वर जाणं केव्हाही चांगलं. निओ-मर्कॅझोल म्हणजे कार्बिमाझोल, शरीरात गेल्यावर त्याचं मेथिमाझोल होतं (वर अनघाताईंनी लिहिलेलं थायमाझोल तेच), ५ एमजीचं साधारण ३. ते नवीन हार्मोन बनणं थांबवतं, गाठ मात्र तशीच राहते, म्हणून गोळी बंद केली की काही दिवसांत आजार परत.

किडनीचं खरं काय ते समजून घ्या, कारण ह्याच भीतीने लोक गोळी मध्येच सोडतात. गोळी किडनी खराब करत नाही. थायरॉईड वाढलेला असताना किडनीतून रक्त जोरात वाहतं, त्यामुळे कमकुवत किडनीसुद्धा रिपोर्टवर चांगली दिसते. त्यात क्रिएटिनिन बनतं स्नायूंतून आणि चिंगीचे स्नायूच झडलेत, म्हणजे १.३ हा आकडा दोन्ही बाजूंनी फसवा आहे. थायरॉईड खाली आला की प्रवाह नेहमीसारखा होतो आणि किडनीचा आधीपासूनचा आजार असेल तर तो तेव्हा उघडा पडतो. म्हणून गोळी सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी टी४ आणि क्रिएटिनिन एकत्र बघायचं, सोबत लघवीची घनता. क्रिएटिनिन थोडं चढलं म्हणून घाबरून गोळी बंद करायची नाही, उलट टी४ फार खाली गेलं नाही ना ते बघायचं, कारण थायरॉईड गरजेपेक्षा कमी झाला तर किडनीला त्याचाही मार बसतो. साधारण १ ते २.५ मध्ये टी४ राहिलं की मी समाधानी असतो. एकदा बसलं की दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, डोस बदलला की परत दोन-तीन आठवड्यांनी.

गोळीचे त्रास बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिसतात. मळमळ, सुस्ती, भूक कमी होणं, हे डोस कमी करून निभावतं. पण चेहरा आणि मान रक्त येईपर्यंत खाजवायला लागली, हिरड्या किंवा डोळे पिवळे दिसले, ताप आला, कुठूनही रक्त यायला लागलं तर पुढची गोळी न देता फोन करा. अशा वेळी कार्बिमाझोल बदलून मेथिमाझोल देऊन उपयोग नाही, शेवटी शरीरात औषध एकच.

ऑपरेशन मी लगेच सुचवणार नाही. साधारण ७० टक्के मांजरांत दोन्ही बाजूच्या ग्रंथी बिघडलेल्या असतात, आज एक काढली तर काही महिन्यांनी दुसरी डोकं वर काढते. दोन्ही काढायच्या तर त्यांना चिकटलेल्या पॅराथायरॉईड ग्रंथी वाचवणं हे खरं कौशल्य, त्या दुखावल्या की कॅल्शियम धाडकन उतरतं, अंग आखडतं, फिट येते. आणि २४० च्या ठोक्यांवर कुणीही भूल देऊ नये, आधी काही आठवडे गोळ्यांनी स्थिर करूनच. गोळी अजिबात सोसली नाही तर मात्र हातखंडा असलेल्या सर्जनकडे हा चांगला मार्ग आहे. रेडिओ-आयोडीनची मांजरांसाठी आपल्याकडे रोजची सोय नाही. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या ठिकाणी माणसांच्या थायरॉईडला हे उपचार कित्येक दशकं होतायत, पण जनावराला ते द्यायचं तर अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना, वेगळा वॉर्ड, विष्ठेची विल्हेवाट, हे सगळं उभं करावं लागतं.

दामलेकाका, तुमची कळकळ समजते आणि पिंजऱ्याची भीती हा खरा प्रश्न आहे. पण औषध न दिलेल्या हायपरथायरॉईडमध्ये शांतपणा नसतो हो. मांजराला सतत भूक, सतत धडधड, झोप नाही, हृदयाचे स्नायू जाड होत जातात, अंगातलं मांस झिजत जातं. रात्री पॅसेजमध्ये ओरडणारी चिंगी आत्ता आरामात नाहीये. गोळी तिला तो आराम देण्यासाठीच आहे. हा आजार मांजरांत पहिल्यांदा नीट नोंदवला गेला तो १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये, त्याआधीच्या अशा सगळ्या म्हाताऱ्या मांजरांना लोक वय झालं म्हणूनच सोडून देत असणार. फेऱ्यांचं म्हणाल तर पिंजरा कायम हॉलमध्ये उघडा ठेवा, आत तिची जुनी चादर, अधूनमधून खाऊ तिथेच द्या. जाण्याआधी दोन-तीन तास गॅबापेंटिन हे भीती कमी करणारं औषध देता येतं, तुमच्या डॉक्टरांना विचारा, खूप फरक पडतो.

सुमन_मालवण

आमच्याकडे मांजरांना मासळीशिवाय दुसरं काही ठाऊकच नाही, म्हणून विचारते, माशात आयोडीन असतं मग हे मांजराला द्यायचे की नाही? माझ्या जाऊबाईंच्या मांजरीलाही हेच निघालंय आणि त्यांनी बांगडा, सुकट सगळं बंद केलंय, ती बिचारी उपाशी बसते पण चिकनला तोंड लावत नाही.

प्राण्यांचा_डॉक्टर, नागपूर

सुमनताई, चांगलं विचारलंत. आयोडीन कमी करून आजार आवरायचा एक मार्ग आहे, हिल्स कंपनीचं वाय/डी नावाचं फूड त्यासाठीच २०११ मध्ये निघालं. पण त्याची अट फार कडक, मांजराने जन्मभर फक्त आणि फक्त तेच खायचं. बांगड्याचा एक तुकडा, शेजारच्यांनी दिलेलं दूध, गॅलरीत पकडलेली पाल, काहीही पोटात गेलं की फायदा गेला. जी गोळी अजिबात घेत नाही आणि पूर्ण घरातच राहते अशा मांजरासाठी ते ठीक, मालवणात कठीणच. मासे बंद करायचे आणि बाकी सगळं चालू ठेवायचं ह्याने मात्र काडीचा उपयोग होत नाही.

गोळी चालू असेल तर मासे बंद करायची गरज नाही. जाऊबाईंना सांगा, ताजा बांगडा उकडून, काटे काढून, बिनमिठाचा द्या, उपाशी ठेवू नका, आधीच मांस झडलंय त्यात उपास नको. फक्त खारवलेली सुकट, सुके बोंबील नकोत, बीपीला मीठ वाईट. कांदा-लसूण घातलेल्या कालवणातला मासाही नको, कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला घातक आहे.

चिंगीची_माय, पुणे

डॉक्टर, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. तुमची पोस्ट वाचली आणि बॅटरी घेऊन बघितलं, दोन्ही बाहुल्या मोठ्याच, उजेडातही लहान होईनात. तीन ठिकाणी फोन केले तेव्हा बीपीचं मशीन असलेलं क्लिनिक सापडलं, संध्याकाळीच नेलं. पुढच्या पायाला लहान मुलांच्या बीपीसारखा इवलासा पट्टा बांधून परत परत मोजलं, २०५ च्या आसपासच येत होतं. डोळ्यात बघून म्हणाले पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके आहेत, उजवा पडदा एका कडेला किंचित उचलला गेलाय पण पूर्ण सुटलेला नाही, अजून वेळ हातात आहे. अॅम्लोडिपिन २.५ ची पाव गोळी दिवसातून एकदा त्याच रात्रीपासून सुरू केली, आणि निओ-मर्कॅझोलही सुरू झालंय.

मिलिंददादा, तीन तुकड्यांची युक्ती चिकनने नाही जमली पण उकडलेल्या कलेजीने जमली, दुसरा तुकडा न चावता गिळते. आज परत बीपी बघितलं, १६८ आलंय. आणि काल रात्री एकदाच ओरडली, मग माझ्या पायाशी येऊन झोपली. सासूबाईंना डोळ्याचं सांगितलं तर त्याच आता घड्याळ लावून बसतात, सकाळी साडेसातला हाक मारतात की चिंगीची गोळी झाली का.

आता दोनच प्रश्न उरलेत. अर्धी गोळी तोडताना तिची पूड हाताला लागते ती चालते ना, आणि रक्त द्यायला न्यायचं त्या दिवशी सकाळची गोळी द्यायची की नाही?

मिलिंद_ठाणे

बीपीचं वाचून अंगावर काटा आला. डॉक्टरसाहेबांनी नेमकं पकडलं. चिंगी, जिंकलीस!

प्राण्यांचा_डॉक्टर, नागपूर

वेळेत नेलंत, फार छान केलंत. १६८ म्हणजे दिशा बरोबर आहे, अजून थोडं खाली यायला हवं, आठवड्याभरात परत मोजा आणि पडदाही बघायला सांगा. उचललेला भाग बीपी आवाक्यात आल्यावर परत बसू शकतो. तोवर घरातलं सामान हलवू नका, जेवणाची बशी आणि लिटर आहे तिथेच राहू द्या, रात्री पॅसेजमध्ये एक छोटा दिवा लावून ठेवा.

गोळी त्या दिवशीही नेहमीच्या वेळेलाच द्या. गोळी दिल्यावर किती तासांनी रक्त काढलं त्याने टी४ मध्ये विशेष फरक पडत नाही, चुकवली तर मात्र पडतो.

पुडीबद्दल विचारलंत ते बरं केलंत, कारण तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये नणंदेला पाचवा लागलाय असं लिहिलंय. हे औषध गर्भातल्या बाळाला धोक्याचं आहे. नणंदबाईंनी गोळीला हात लावायचा नाही, तोडायची तर नाहीच नाही, आणि चिंगीचं लिटर आणि उलटीसुद्धा त्यांनी साफ करायची नाही, औषध शी-शूमधूनही बाहेर पडतं. तुम्हीही हातमोजे घालून तोडा, पिल कटर आणा, तो फक्त ह्याच गोळीसाठी ठेवा, ओट्यावर नाही तर एखाद्या ट्रेमध्ये तोडा आणि नंतर हात साबणाने धुवा. डबी त्यांच्या औषधांपासून लांब, शक्यतो वेगळ्या खोलीत. चिंगीला कुरवाळायला, मांडीवर घ्यायला काही हरकत नाही, फक्त गोळी दिल्यानंतर तोंडाला पूड लागली असेल तर आधी पुसून घ्या.

अनघा_लीड्स

हे अगदी खरं, इथे औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की गरोदर बायकांनी ते देऊ नये, लिटर आणि उलटीही हाताळू नये. वजन घरीच बघत राहा, आधी एकटीने काट्यावर उभं राहायचं मग तिला घेऊन, वजाबाकी करायची. बाळांचा काटा कुणाकडे मागून मिळाला तर उत्तम, त्यावर थोडा फरकही कळतो. नणंद येतेच आहे तर पुढे घरात लागेलही तो!

चिंगीची_माय, पुणे

बापरे, नणंदेचं हे कुणीच बोललं नव्हतं. आत्ताच तिला फोन करून सांगितलं, ती म्हणाली लिटर साफ करायला नाही मिळालं तरी चालेल, चिंगी मांडीवर मिळाली म्हणजे झालं. हातमोजे आणि पिल कटर आजच आणते, डबी आमच्या बेडरूमच्या वरच्या कप्प्यात हलवलीये. बाळाचा काटा वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे आहे, त्या देतायत. पहिला आकडा ३.१५ आलाय, खाली वहीत लिहून ठेवलाय, दर रविवारी लिहीन. दोन आठवड्यांनी रक्त आहे, टी४ आणि क्रिएटिनिनचे आकडे आले की इथेच टाकते, दामलेकाका तुम्हीही वाचा हां.